आठवीपर्यंतची सोबत

पुण्यात कोथरूड-वारजे पट्ट्यातल्या एका विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी बरीच वर्षं प्राथमिकच्या वर्गांना शिकवलं. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) आमच्या वर्गात यायच्या आधीची मुलंही माझ्या हाताखालून गेली आणि नंतरचीही. या दोन काळांतली मुलं वेगळी घडली, हे मी खात्रीने सांगू शकते. या कायद्याबद्दल बोलताना गरीब घरच्या मुलांना काय मिळालं तेवढंच लोक मोजतात. ज्यांच्या घरी सगळं होतं त्या मुलांना काय मिळालं, हे फारसं कुणी विचारत नाही. मला मुख्यतः ते सांगायचं आहे, आणि जे बिघडलं तेही.

आधीच्या वर्गात जवळजवळ सगळ्यांची घरं सारखीच. बाबा आयटीत नाहीतर बँकेत, किंवा स्वतःचा दवाखाना, स्वतःचा व्यवसाय. दोन-तीन बेडरूमचा फ्लॅट, मे महिन्यात कुठेतरी लांबची सहल. मुलं गुणी होती, चौकस होती. पण सगळं जग असंच राहतं अशी त्यांची समजूत होती आणि ती समजूत हलवणारं वर्गात कुणी नव्हतं. लहान वर्गांच्या परिसर अभ्यासात ‘आपल्याला मदत करणारी माणसं’ अशा आशयाचा एक पाठ असतो. पोस्टमन, भाजीवाली, सफाई कामगार, रिक्षावाले काका, अशी पानभर चित्रं. मुलं नावं पाठ करायची, कोण काय काम करतं त्याच्या जोड्या लावायची आणि पान उलटायची. या माणसांनाही मुलं असतात, तीही आज कुठल्यातरी वर्गात बसली असतील, हे त्या मुलांच्या मनात यायला काही कारणच नव्हतं.

मी स्वतः अशा वर्गात वाढले नाही. माझं शिक्षण साताऱ्यात, अनुदानित मराठी शाळेत झालं. माझ्या रांगेत एका वकिलांची मुलगी होती, मार्केट यार्डातल्या हमालाची मुलगी होती, एसटी कंडक्टरची होती आणि मी प्राथमिक शिक्षकाची. हे कुणी जमवून आणलेलं नव्हतं. गावात शाळाच मोजक्या, त्यामुळे सगळे तिथेच. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुणाकडे पोळी, कुणाकडे भाकरी आणि कुणी डबा आणलेलाच नाही, हे रोज डोळ्यांसमोर असायचं. त्याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली ठेवणारं बोर्डिंग काढलं होतं आणि त्या मुलांना उपाशी ठेवायला नको म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले होते. आमच्या घरात ही गोष्ट कालपरवा घडल्यासारखी सांगितली जायची. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला. सगळ्यांची मुलं एकत्र शिकावीत हा विचार आपल्याकडे कुणी बाहेरून आणलेला नाही. आपल्याकडे तो शंभर वर्षांपूर्वी अमलात आला होता.

मग मोडला कुणी? आपणच. इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या, ज्यांना फी परवडली ते तिकडे गेले आणि पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्यांना दुसरा पर्याय नव्हता ते उरले. कोठारी आयोगाने १९६६ मध्येच परिसरातली सगळी मुलं एकाच शाळेत जावीत असं सुचवलं होतं. तसं झालं नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा त्या मानाने फार लहान पाऊल आहे. विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या निदान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्यात, त्यांचं शिक्षण मोफत व्हावं आणि खर्चाची ठरावीक रक्कम सरकारने शाळेला द्यावी, एवढंच. कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, शाळांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १२ एप्रिल २०१२ ला न्यायालयाने ही तरतूद उचलून धरली. त्यानंतर आमच्या शाळेत या जागांच्या सोडतीतून आलेली पहिली मुलं दाखल झाली. सुतारदरा, किष्किंधानगर अशा टेकडीच्या वस्त्यांमधली. उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार, जातीचा दाखला यांसाठी तहसील कचेरीत आणि सेतू केंद्रात हेलपाटे घालून, कामाचे खाडे करून त्यांच्या आईवडिलांनी ती जागा मिळवली होती.

पहिल्या वर्षी पालकसभेत जे बोललं गेलं ते मला अजून आठवतं. ‘ही मुलं शिव्या शिकवतील.’ ‘वर्गाची पातळी खाली जाईल.’ एका आईने स्वच्छ विचारलं, त्यांची वेगळी तुकडी करता येणार नाही का? तशी तुकडी करायला नियमांत जागा नव्हती आणि आमच्या मुख्याध्यापिकाही ठाम होत्या, म्हणून विषय तिथे संपला. तरी ‘आरटीईची मुलं’ हा शिक्का पडला तो पडलाच. हजेरीपटावर कुठे खूण नको, नावापुढे काही नको, असं आम्ही वर्गशिक्षिकांनी आपापसांत ठरवून घेतलं. पण मुलं हा शब्द घरून ऐकून यायची.

त्या वर्षी तोच पाठ पुन्हा आला. आता चित्रातल्या माणसांची मुलं माझ्यासमोर बसली होती. पुस्तक बाजूला ठेवून मी प्रत्येकाला घरातल्या एका मोठ्या माणसाच्या कामाबद्दल सांगायला लावलं: काय काम, त्याला काय काय लागतं, त्यात अवघड काय. सुरुवातीला फ्लॅटमधली मुलं बोलली. ‘बाबा लॅपटॉपवर काम करतात’ याच्या पुढे बहुतेकांना जाता येईना. मग एक रिक्षाचालकाचा मुलगा उठला. स्टँडवर नंबर कसा लागतो, पासिंगला रिक्षा न्यायची म्हणजे काय काय करावं लागतं, सीएनजीच्या रांगेत पहाटे का जावं लागतं, पावसात हातांनी काच पुसत कसं चालवतात, हे त्याने अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. वर्ग गप्प बसून ऐकत होता. प्रश्न संपेनात. दुसऱ्या दिवशी दोन मुलांनी घरी जाऊन बाबांना खोदून खोदून विचारलेलं दिसलं, कारण त्यांनाही आता आपल्या बाबांचं काम नीट सांगायचं होतं. ज्याच्या इंग्रजीवरून पालकांनी पातळी खाली जाईल म्हटलं होतं, त्याने त्या दिवशी बाकीच्यांना बोलायला शिकवलं.

गणिताचा एक प्रसंग तर मी नंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणातही सांगितला. तिसरीत पैशांची वजाबाकी चालू होती. सदतीस रुपयांची खरेदी, पन्नासची नोट दिली, परत किती? बाकी मुलं शून्यातून सात जात नाहीत म्हणून दशकाचा एक उसना घेत बसली होती. एका मुलीने वहीला हातही न लावता उत्तर दिलं. तिची आई मंडईच्या बाहेर पालेभाजी विकायची आणि शनिवार-रविवार ही तिच्याजवळ बसायची. कसं केलंस विचारल्यावर तिने हातावर नाणी ठेवल्यासारखं करून दाखवलं: ‘सदतीसला तीन दिले, चाळीस झाले. दहा दिले, पन्नास झाले. म्हणजे तेरा.’ सुट्टे परत देणारा प्रत्येक दुकानदार असंच मोजतो, वजा करत नाही, वर चढत जातो. मी ती रीत फळ्यावर लिहिली, तिच्याच नावाने. त्यानंतर वर्गातल्या निम्म्या मुलांनी तीच उचलली. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते पुढच्या आठवड्यातलं. तिच्या बाकावरची मुलगी आईबरोबर मॉलऐवजी मंडईत जायचा हट्ट धरून बसली आणि मैत्रिणीच्या आईकडून दोन जुड्या मेथी घेऊन आली. घासाघीस मात्र तिने आईला करू दिली नाही. ‘ती पहाटे चारला उठून मार्केट यार्डातून माल आणते’, असं तिने आपल्या आईला सुनावलं. हे मला त्या आईनेच येऊन सांगितलं, थोडं हसत, थोडं ओशाळून.

पाण्याचंही असंच. एक मुलगा सकाळी हमखास उशिरा यायचा. डायरीत शेरे पडत होते. मधल्या सुट्टीत एकाने त्याला विचारलं, तू लवकर का उठत नाहीस? तो म्हणाला, पाचला उठतो, नळ येतो तेव्हा मी आणि ताई कॅन भरतो, नळ गेला की आंघोळ करतो. ‘टाकीतलं पाणी का वापरत नाही?’ हा पुढचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता. विचारणाऱ्याच्या जगात पाणी चोवीस तास टाकीत असतं. त्या उन्हाळ्यात गुरुवारी पाणी बंद असायचं तेव्हा सोसायटीतली मुलं ‘आमच्याकडे पण पाणी नव्हतं’ म्हणत मोठ्या बढाईने यायची, आणि कॅन भरणारा मुलगा त्यांना किती पाणी कशाला पुरतं याचा हिशेब शिकवायचा. एक कॅन आंघोळीला, अर्धा भांड्यांना. पाणी जपून वापरा अशी भित्तिपत्रकं मी आयुष्यभर करून घेतली. त्यांचा कुणावर काही परिणाम झाल्याचं मला आठवत नाही. या हिशेबाचा झाला. हात धुताना मुलं नळ बंद करू लागली.

यातलं काहीही आपोआप होत नाही, हेही सांगायला हवं. पंचवीस टक्के मुलं वर्गात आणून बसवली की ती कोपऱ्यात बसतात आणि बाकीची बाकीच्यांत. आम्हाला रोजच्या लहान लहान गोष्टी बदलाव्या लागल्या. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटणं बंद केलं, कारण एकाकडून मोठी कॅडबरी आणि दुसऱ्याकडून साधी गोळी आली की वर्गात लगेच उतरंड लागते. त्याऐवजी वाढदिवसाच्या मुलाने त्या दिवशीची गोष्ट निवडायची आणि ती मी वाचून दाखवायची. बाकावरच्या जोड्या दर महिन्याला बदलायच्या. स्नेहसंमेलनाचे पोशाख भाड्याने न आणता शाळेतल्या कापडातून करायचे. सूचना इंग्रजीबरोबर मराठीतूनही पाठवायच्या. यासाठी पैसे जवळजवळ लागत नाहीत, शिक्षिकेचा वेळ मात्र लागतो, आणि हा वेळ कुठल्याही परिपत्रकात धरलेला नसतो.

शाळेच्या फाटकाबाहेर आमचा हात पोचत नव्हता. दुसरीतल्या एका मुलीने आपल्या वाढदिवसाला घरी मैत्रिणीला बोलावलं. मैत्रीण आली ती आईबरोबर. आई त्याच इमारतीत दोन घरी धुणीभांडी करायची. त्या इमारतीत काम करणाऱ्यांसाठी वेगळी लिफ्ट होती, तशी पाटीच लावलेली. आई सवयीने त्या लिफ्टकडे वळली, मुलगी तिच्यामागे. खाली घ्यायला आलेली वाढदिवसाची मुलगी म्हणाली, इकडून नाही, आपण या लिफ्टने जाऊ. पाहुणी म्हणाली, आई या लिफ्टने जात नाही. मग यजमान मुलीने जे केलं ते तिच्या वडिलांनी मला पालकभेटीत सांगितलं: ती मैत्रिणीचा हात धरून कामगारांच्या लिफ्टने वर आली आणि रात्री केक-बिक झाल्यावर बाबांना विचारत राहिली, पाटी कोणी लावली, कधी लावली, का लावली. बाबा सोसायटीच्या कमिटीवर होते. त्यांना मुलीला पटेल असं एकही उत्तर देता आलं नाही. पाटी काढायचा विषय त्यांनी सभेत मांडला. पहिल्यांदा फेटाळला गेला. नंतर कधीतरी रंगकामाच्या वेळी पाटी उतरवली ती पुन्हा लागली नाही. मला हा माणूस आवडला. सात वर्षांच्या मुलीचा प्रश्न त्यांनी चेष्टेवारी नेला नाही.

एका शाळेतल्या अनुभवावरून मी फार मोठं बोलते आहे असं वाटू नये म्हणून दिल्लीतल्या एका अभ्यासाबद्दल सांगते. दिल्लीत २००७ पासून बऱ्याच नामवंत खासगी शाळांना गरीब घरच्या मुलांना मोफत जागा देणं भाग पडलं. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला आणि तो २०१९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाला. त्यात एक रिले शर्यत होती. जोडीदार निवडायचा: वेगाने पळणारा गरीब घरचा मुलगा, की त्याच्याहून हळू पळणारा आपल्यासारख्या घरचा? जिंकलात तर रोख बक्षीस. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती त्यांनी घर बघून जोडीदार नाकारण्याचं प्रमाण कमी होतं. ही मुलं दुसऱ्यांना मदत करण्यात आणि आपल्या वाट्यातलं देण्यातही पुढे होती. गणित आणि हिंदीच्या गुणांत घट दिसली नाही. इंग्रजीच्या गुणांत थोडी घट दिसली आणि मुलांचं अपशब्द वापरणं वाढलं. म्हणजे आमच्या पालकसभेतली भीती सगळी खोटी नव्हती. शिव्यांचे दोन-चार शब्द आमच्याही वर्गात आले, तसे ते मोबाइलमधूनही येतात. ते मोजून दुसऱ्या पारड्यात काय पडलं तेही बघावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता दुसरी बाजू. वस्तीतून आलेल्या मुलांच्या मनावर या वर्गाने काय केलं, ते सगळं चांगलं नव्हतं. पहिली-दुसरीत रिक्षाबद्दल भरभरून बोललेला तोच मुलगा पाचवीत गेल्यावर वडिलांना म्हणू लागला, मला कोपऱ्यावरच सोडा, फाटकापर्यंत येऊ नका. त्याचे वडील हे सांगताना रागावलेले नव्हते. ‘त्याचं बरोबर आहे बाई’, असं ते म्हणाले, आणि मला ते ऐकवेना. एक मुलगी आईला इंग्रजी येत नाही म्हणून पालकभेटीची चिठ्ठीच घरी दाखवायची नाही. कुणी राहण्याचा पत्ता खोटा सांगायचं. वाढदिवसाच्या बोलावण्यांना पोट दुखतंय म्हणून नाही म्हणायचं, कारण भेट काय न्यायची? मोठं होताना मुलांना शेजारच्याकडे काय आहे ते दिसू लागतं, आणि ज्याच्याकडे कमी त्याला ते दुप्पट दिसतं. शिक्षण मोफत म्हटलं तरी गणवेश, वह्या-पुस्तकं, बस, सहल, प्रकल्पाचं सामान यांची बिलं कितीतरी पालकांना भरावी लागतात. सहलीच्या दिवशी कोण कोण गैरहजर आहे, ते पाहिलं की वर्गाची खरी फाळणी कळते.

रिक्षाचालकाच्या त्या मुलाबाबतीत एक झालं. सहावीच्या वर्गशिक्षकांनी वाहतुकीच्या नियमांवर बोलायला त्याच्या वडिलांना वर्गात बोलावलं. डॉक्टर पालक दातांवर बोलायला येतात, बँकेतले बचतीवर येतात, तसेच हे आले. इस्त्रीचा खाकी शर्ट, त्यावर बिल्ला. चांदणी चौकातली वाहतूक, हेल्मेट, मागून येणाऱ्या गाडीचा अंदाज कसा घ्यायचा, असं ते तासभर बोलले, मराठीतून. मुलगा पहिली दहा मिनिटं मान खाली घालून बसला होता. मग मित्र त्याच्या बाबांना प्रश्न विचारू लागले तसा वर बघायला लागला. त्यानंतर कोपऱ्यावर उतरणं थांबलं की नाही ते मी मुद्दाम पाहायला गेले नाही. पण वर्षभराने तो शाळेच्या फाटकाशी रिक्षातून उतरताना मला दिसला आहे.

करोनाच्या काळात हे सगळं विस्कटलं. घरात एक फोन, तोही वडील कामावर घेऊन जाणार. वर्ग पडद्यावर भरला आणि मागे दिसणारी घरं एकमेकांना दिसू लागली. वस्तीतल्या मुलांनी कॅमेरे बंद केले ते कायमचे. तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलाने आपण होऊन रोज संध्याकाळी मित्राला फोन करून दिवसभराचा अभ्यास सांगायला सुरुवात केली, कारण संध्याकाळी फोन घरी यायचा. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच. दोघं बालवाडीपासून एकत्र होते.

एकत्र असण्याचा हा कालावधी फार महत्त्वाचा आहे. लहानपणी जोडलेलं टिकतं. आठवी-नववीत कुणाला आणून शेजारी बसवलं तर तोवर दोघांच्याही मनात भिंत उभी राहिलेली असते. आणि नेमका इथेच कायदा हात सोडतो. तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे आठवी संपली की मोफत जागा संपते. नववीत पूर्ण फी. आमच्याकडे सोडतीतून आलेली पहिली मुलं आठवीत पोचली तेव्हा हा प्रश्न घराघरांत आला. रिक्षाचालकाने, घरकाम करणाऱ्या बाईने वर्षाची ती फी कुठून भरायची? व्यवस्थापनाने काहींना सवलत दिली, सगळ्यांना दिली नाही. बरीच मुलं दाखला घेऊन गेली. दहावीच्या ऐन तोंडावर, नव्या शाळेत, कधीकधी नव्या माध्यमात.

भाजीवालीची ती मुलगी गेली तेव्हा मी तिच्या वर्गावर नव्हते, पण तिच्या मैत्रिणी माझ्याकडे आल्या. तिचे गुण त्यांच्याहून चांगले होते आणि त्यांना तिचं जाणं समजतच नव्हतं. ‘बाई, तिने काय केलं?’ असं एकीने विचारलं. या मुलींनी इतकी वर्षं तिच्याबरोबर डबा खाल्ला, तिची वजाबाकी शिकून घेतली. आम्ही मोठ्यांनी त्यांना सगळे सारखे म्हणून शिकवलं आणि आठवीच्या निकालाला त्यांना दाखवून दिलं की सारखे नव्हते. त्या मुली चौघी-पाचजणी मिळून मुख्याध्यापिकांकडे अर्ज घेऊन गेल्या. अर्जात त्यांनी लिहिलं होतं की स्नेहसंमेलनाचा खर्च कमी करा आणि तिची फी भरा. तो अर्ज मंजूर झाला नाही. तरी सांगते, कायदा येण्यापूर्वीच्या वर्गांतल्या मुलींनी असा अर्ज कधी लिहिला नसता. लिहायचं कारणच त्यांच्या आयुष्यात आलं नसतं.

पुढे तर प्रवेशाचं दारच लोटून घेण्याचा प्रयत्न झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलले: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने या जागा देण्याची गरज नाही. पुण्यासारख्या शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा सापडत नाही असं ठिकाण दुर्मीळ. म्हणजे शहरातल्या बहुतेक खासगी शाळा यातून सुटल्या असत्या. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या, मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. पण तोवर शाळा सुरू होऊन महिने गेले होते आणि सोडतीतली मुलं घरी बसून होती.

सरकार शाळांचे पैसे वेळेवर देत नाही, थकबाकी वर्षानुवर्षं राहते, ही शाळांची तक्रार खरी आहे आणि लहान शाळांचं त्यात कंबरडं मोडतं. ते पैसे वेळेवर मिळालेच पाहिजेत. पालिकेच्या शाळाही सुधारल्याच पाहिजेत. दारातली सरकारी शाळा उत्तम असती तर माझ्या वर्गातले कितीतरी पालक हेलपाटे घालत बसले नसते. पण या दोन्ही गोष्टी पुढे करून एकत्र शिकण्याची सोयच काढून घेणं मला मान्य नाही. सरकारी शाळा कितीही चांगली झाली तरी तिथे फक्त गरिबांची मुलं असतील, आणि फ्लॅटमधली मुलं पुन्हा चित्रातल्या भाजीवालीशी जोड्या जुळवत बसतील.

मोफत शिक्षणाची मुदत आठवीवरून किमान दहावीपर्यंत न्यायला हवी. बारावीपर्यंत सगळ्यांचं शिक्षण व्हावं असं उद्दिष्ट २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच आहे, त्यामुळे सरकारला ही मागणी नवी नाही. पण कायदा बदलेपर्यंत वाट पाहायची गरज नाही. तुमचं मूल अशा शाळेत असेल तर एक करा. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फीचा प्रस्ताव येतो, त्या वेळी विचारा: आठवीतून नववीत जाणाऱ्या सोडतीच्या मुलांचं काय ठरलं आहे? आमच्या शाळेत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो चौदा वर्षांच्या मुलींनी. यंदा तो तुम्ही विचारा, आणि फीचा आकडा मंजूर होण्याआधी विचारा.